संदर्भ हवा

आत्याला फोन केला तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. खरं कारण सांगायचं तर मला भाकरी खायची होती.

नऊ वर्षांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता. नंबरसुद्धा तिच्या मुलीला इन्स्टाग्रामवर मेसेज करून मागावा लागला. "आईला करतेस? खरंच?" असं तिनं विचारलं, आणि त्यापुढं तीन वेळा 'टायपिंग' येऊन गेलं. शेवटी फक्त नंबर आला.

"हॅलो आत्या, मी बोलतेय."

"मी कोण?"

"बाळूची पोरगी."

पलीकडं टीव्हीचा आवाज होता. तो बंद झाला.

"कुठून बोलायलीस?"

"हैदराबादहून."

"कधी आलीस?"

"गुरुवारी."

तो शनिवार होता. आत्यानं बहुतेक बोटांवर मोजलं. मी तिच्या शहरात तीन दिवस होते आणि फोन आज करत होते, एवढं तिला कळलं असणार. मी सारवासारव करायच्या आत ती म्हणाली, "जेवलीस का?"

हो म्हणायला हवं होतं. जेवले होतेच. पण तोंडातून निघालं, "जेवले गं, पण भाकरी नाही मिळाली चार दिवस."

"मग उद्या ये," आत्या म्हणाली. "सोबत कोणाला आणायलीस का, ते सांग. त्या हिशेबानं पीठ भिजवते."

*

हैदराबादला मी आले होते विकिकॉन्फरन्स इंडियासाठी. घरच्यांना हे समजावून सांगण्यात माझी पाच वर्षं गेली आहेत, त्यामुळं तुम्हाला थोडक्यात सांगते. विकिपीडिया पगारी लोक लिहीत नाहीत. तुमच्या-माझ्यासारखे लोक रात्री जेवणं झाल्यावर, लोकलमध्ये, ऑफिसात मीटिंग चालू असताना लिहितात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात मी २०१८पासून आहे. गावांच्या पानांवरच्या चुका दुरुस्त करते, फोटो चढवते, कोणी एखाद्या नेत्याच्या पानावर 'आमचे दैवत' असं लिहून गेलं की ते काढते. भारतातल्या सगळ्या भाषांमधल्या अशा लोकांचं संमेलन २०११ साली मुंबईत झालं, मग २०१६ साली चंदीगडजवळ, आणि त्यानंतर थेट २०२३च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हैदराबादला. मध्ये सात वर्षं गेली. त्यामुळं शिष्यवृत्ती मिळाल्याची मेल आली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात अक्षरशः नाचले.

आईनं विचारलं, "पैसे किती देणार?"

"तिकीट आणि राहणं."

"म्हणजे कामाचे काहीच नाहीत?"

"कामाचे कधीच नसतात, आई."

"बरं," आई म्हणाली. माझ्या लग्नाच्या विषयावर मी 'बघू' म्हणते तेव्हा ती ज्या सुरात 'बरं' म्हणते, तोच सूर.

बाबांनी विचारलं, "हैदराबादला कुठं?" मी हॉटेलचा भाग सांगितला. शहराच्या पश्चिमेला, त्या सगळ्या काचेच्या इमारती आहेत तिकडं. "मग लांब आहे," ते म्हणाले. कशापासून लांब, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुण्याहून सकाळी सहाच्या सुमाराला शताब्दी निघते. सोलापूर, कलबुर्गी, तांडूर, विकाराबाद. कलबुर्गीनंतर डब्यातली भाषा बदलत जाते आणि विकाराबादला मला नेहमी थोडं घरी आल्यासारखं वाटतं, कारण तिथून एक फाटा बिदरवरून आमच्या उदगीरला जातो. उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे, पण माझ्या आजोबांच्या तोंडी 'शहर' म्हणजे हैदराबादच होतं. पुणं नाही, मुंबई तर नाहीच. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. कोर्टाचं काम, मोठा डॉक्टर, लग्नाचा बस्ता, सगळं तिकडं. मुली द्यायच्या तर त्याही तिकडं दिल्या जायच्या. आत्या १९८४ साली काचीगुड्यात दिली. तिचं सासर निजामाच्या काळापासून तिथंच.

*

संमेलनाचे तीन दिवस मस्त गेले. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव मोठं आणि सदस्यनाव लहान छापलेलं, पण सगळे एकमेकांना सदस्यनावानंच ओळखत होते. पाच वर्षं ज्याच्याशी मी चर्चापानावर शुद्धलेखनावरून भांडत होते, तो माणूस साठीतला, अत्यंत मृदू बोलणारा निवृत्त शिक्षक निघाला. त्यानं मला स्वतःच्या ताटातला डबल का मीठा दिला. मी ऑनलाइन त्याला काय काय लिहिलं होतं ते आठवून मला तो गिळवेना.

हॉटेलचं जेवण चांगलं होतं, हे मुद्दाम सांगते. बिर्याणी तर फारच. पण बुफेच्या जेवणाचं एक असतं: पहिल्या दिवशी आपण सगळं घेतो, दुसऱ्या दिवशी निवडून घेतो, आणि तिसऱ्या दिवशी ताट हातात धरून उभे राहतो आणि काहीच घ्यावंसं वाटत नाही. मला शनिवारी दुपारी तसं झालं. त्यात शेजारी एक तेलुगू विकिपीडियावरची मुलगी बसली होती. तिच्या ताटात हिरवट काळी चटणी होती.

"गोंगुरा," ती म्हणाली. "तुमच्याकडं नसते."

मी एक घास चाखला. आंबट, तिखट, लसूण. "अगं ही अंबाडी!"

तिथून जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. फोन काढून आम्ही दोघींनी दोन्ही भाषांतली पानं उघडली, पानांचे फोटो ताडून पाहिले. तिच्याकडं लोणचं करतात, डाळीत घालतात, मटणात घालतात. मी सांगितलं की आमच्याकडं अंबाडी शिजवून, आंबट पाणी काढून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटतात, वरून लसणाची चरचरीत फोडणी, आणि भाकरीवर घेऊन खातात. "कोण करतं? तुझी आई?" तिनं विचारलं.

आई नाशिकची. तिनं अंबाडी कधी केलेली नाही. आजी गेली २०११ साली. त्यानंतर मी ती भाजी कुठं खाल्ली? आठवून आठवून एकच उत्तर आलं: काचीगुड्यात, बारावीनंतरच्या सुट्टीत.

तर असा तो फोन झाला. मी काही मोठ्या मनानं नातं जोडायला निघाले नव्हते, हे आधीच कबूल करते.

*

रविवारी समारोप झाला, फोटो झाले, रडारड झाली. चारच्या सुमाराला मी रायदुर्गहून मेट्रो धरली, अमीरपेटला बदलली आणि उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्टेशनवर उतरून रिक्षा केली. कोठीतली पुस्तकांची दुकानं, मग सुलतान बझार, मग काचीगुड्याच्या गल्ल्या. हवा पावसाची झाली होती. एका जुन्या दारावर देवनागरीत 'सुस्वागतम्' होतं आणि शेजारच्या दुकानाची पाटी तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत. आत्याच्या दोन्ही मुली इथूनच विवेकवर्धिनीत मराठी शाळेत गेल्या. घरात मराठी, गल्लीत दखनी, बसमध्ये तेलुगू. आत्याचं बोलणं त्यामुळं कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. 'करायलीस'च्या मागं 'हौ' आणि 'नक्को'च्या मागं 'माय'.

दारात तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी वाकले तर म्हणाली, "राहू दे, राहू दे. लई वाळलीस." मी गेल्या वर्षात चार किलो वाढले आहे.

आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. मामा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बनियनवर बसले होते. नऊ वर्षांपूर्वीचे मामा गडी माणूस होते, रेल्वेच्या वर्कशॉपमधले. समोर होते ते बारीक, गालफडं बसलेले. "ये बेटा," म्हणाले आणि शर्ट शोधायला लागले.

"असू द्या मामा, उकडतंय."

"हौ, उकडायलंय," म्हणत ते परत बसले. तेव्हा मला बनियनच्या गळ्यातून वर आलेला व्रण दिसला. उभा, छातीच्या बरोबर मधोमध.

"हे कधी झालं?"

"बायपास. झाली की बरीच वर्षं. चौदा साली."

चौदा साल. मी ते ऐकलं आणि पाणी पीत राहिले.

*

इथं मला घरची गोष्ट सांगावी लागेल. ती मराठवाड्यातल्या, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आहे, फक्त आकडे वेगळे.

२००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यानंतर प्रत्यक्षात काय झालं, तर हक्कसोडपत्रांवर सह्या जास्त काळजीपूर्वक घेतल्या जाऊ लागल्या. बहिणींना बोलावतात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात, अंगठा-फोटो होतो, मग हॉटेलात जेवण आणि साडीचोळी. सही करणारी बहीण चांगली. न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. यात कोणी कोणावर जबरदस्ती केली असं कोणीच म्हणू शकत नाही, इतकं ते नीट बसवलेलं असतं.

आजोबा २०१३ साली गेले. उदगीरचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, कर्जासाठी उतारा बाबांच्या एकट्याच्या नावावर हवा होता. २०१४च्या उन्हाळ्यात आत्या आली, सही झाली, आणि त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव निघायचं बंद झालं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला एकच वाक्य माहीत होतं, जे बाबा फार कमी वेळा आणि फार हळू आवाजात म्हणायचे: "आक्कानं सहीचे पैसे मागितले."

वास्तुशांतीला ती आली नाही. रक्षाबंधनाला राखी पोस्टानं आली, दोन वर्षं. मग तीही नाही.

*

जेवायला आम्ही खालीच बसलो. ताटात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि त्यावर कच्चं तेल, कांदा फोडलेला, आणि वाटीत येसरची आमटी. शेजारी आमरस. हैदराबादेत बंगनपल्लीला बेनिशान म्हणतात. कापून खायचा आंबा तो, रस करायचा नाही, असं माझं मत आहे. आत्याचं नाही.

येसर बहुतेकांना माहीत नसेल. लग्नाच्या पंगतीतली मराठवाड्याची आमटी. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ असं वेगवेगळं खमंग भाजायचं, धने-जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, सुकं खोबरं भाजायचं, हळद-तिखट घालून सगळं दळून ठेवायचं. मग केव्हाही तेलात लसूण परतून त्यात पाण्यात कालवलेलं येसर ओतायचं आणि वर तवंग येईपर्यंत उकळायचं. घरात भाजी नसली तरी चालतं, पाहुणा अचानक आला तरी चालतं.

मराठी विकिपीडियावर मी येसरचं पान लिहायला घेतलं होतं. अडकले ते संदर्भांवर. आपल्या नियमानं स्वतःला माहीत आहे म्हणून लिहायचं नाही, कुठंतरी छापलेलं हवं. नसेल तर वाक्याच्या शेपटीला 'संदर्भ हवा' असा साचा लागतो. छापलेली पाककृतींची पुस्तकं शोधली तर त्यात पुणं-मुंबई-कोकण भरपूर, मराठवाडा चिमूटभर. त्यातही 'मराठवाड्याचं जेवण' म्हणजे कोणाचं, हा प्रश्न आहेच. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचलं तेव्हा कळलं की माझ्या गावात माझ्याच पिढीतल्या मुलांच्या घरी जे शिजत होतं ते मला ठाऊकच नव्हतं. ज्यांचं कोणी छापलं नाही त्यांचं काय करायचं, यावर विकिपीडियात जुनी चर्चा आहे. २०११ साली अचल प्रभाला यांनी याच विषयावर 'पीपल आर नॉलेज' नावाची फिल्म केली होती, तोंडी माहितीचा संदर्भ देता येईल का या प्रयोगावर. हैदराबादलाही आमचं चहाच्या वेळी यावर बोलणं झालं. निष्कर्ष कधीच निघत नाही.

तर मी आमटीचा पहिला घास घेतला, आणि मला आमचं पाडलेलं घर आठवलं. आठवलं म्हणजे चित्र नाही आलं डोळ्यापुढं. चुलीच्या खोलीत शिरताना एक पायरी खाली होती. माझा उजवा पाय, मांडी घालून बसलेली असताना, ती पायरी उतरायला म्हणून हलला.

"काय गं?" आत्या म्हणाली.

"आजीसारखी झालीये."

"आजीसारखी कशी होईल. तिचीच आहे."

मी तीन भाकरी खाल्ल्या. चौथी आत्यानं न विचारता वाढली. मग मी ते विचारलं, जे विचारायचं मी मेट्रोत ठरवलं नव्हतं.

"आत्या, तू पैसे मागितले होतेस?"

मामांनी हात धुवायला उठायला पाच मिनिटं लावली असती, एरवी. ते लगेच उठले.

"हौ. दोन लाख," आत्या म्हणाली. ती भाकरी मोडत होती. हात थांबला नाही.

"सहीचे?"

"सहीच्या वेळेला मागितले. ऑपरेशन त्याच महिन्यात होतं, मग कधी मागू? दिवाळीत?"

"पण बाबांना ऑपरेशनचं..."

"नाही सांगितलं."

"का?"

आत्यानं चटणीत तेल घातलं, माझ्याही आणि तिच्याही. "सांगितलं असतं तर बाळ्यानं दिले असते, माय. उधार काढून दिले असते. ती मदत झाली असती. मला मदत नक्को होती. माझ्या बापाच्या घरातून माझं मागायलते मी. एकदाच. बघावं म्हटलं, देतोय का."

"आणि त्यांनी नाही दिले म्हणून तू..."

"सही आधी केली मी. मग मागितले."

बाबांच्या गोष्टीत मागणं आधी आहे, सही नंतर. मी तसं म्हणाले.

"असेल त्याचं तसं," आत्या म्हणाली. "कागदावर तारीख आहे. ऑपरेशनची फाईल पण आहे कपाटात. काढू का?"

माझं अर्धं आयुष्य कागद शोधण्यात जातं. कुठल्या तालुक्याची निर्मिती कधी झाली यासाठी मी राजपत्रं चाळली आहेत. कोणी म्हणालं 'असं असं झालं' की माझं पहिलं वाक्य असतं, कुठं लिहिलंय? आणि कपाट चार हातांवर होतं.

"राहू दे," मी म्हटलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक तर त्या दोन तारखांमधून जे निघालं असतं ते कोणाच्यातरी विरोधात गेलं असतं. आणि दुसरं, मला भूक होती. रस उरला होता.

पैसे कुठून आले मग, हे मी विचारलं नाही. वाढताना आत्याच्या हातात फक्त काचेच्या बांगड्या होत्या. लग्नाच्या फोटोत तिच्या हातात पाटल्या आहेत, तो फोटो भिंतीवर तिच्या डोक्याच्या बरोबर वर होता.

*

रात्री तिथंच राहिले. सोमवारी सकाळी सहाला भाजण्याच्या वासानं जाग आली. आत्या गॅससमोर उभी, शेजारी पेपर पसरलेला, त्यावर गव्हाचा ढीग भाजून काढलेला.

"तुला न्यायला करायले," ती म्हणाली. "हे कडेचं तुझं. हे मधलं..." आणि ती डाळ हलवायला लागली.

मी फोन काढला, नोट्स उघडल्या. "गहू किती घेतलेस?"

आत्यानं पितळेचं चिपटं वर केलं. काठाला चेपलेलं, बुडाला आजीच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं. लहानपणी आम्ही त्यात पाणी भरून पिऊन मार खाल्ला होता. घर पाडलं तेव्हा ते हरवलं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"हे तुझ्याकडं?"

"सहीच्या दिवशी आणलं. साडी नक्को म्हटलं, हे घेते. विचार बाळ्याला."

मग तिनं मला सगळं करून दाखवलं. गहू दोन चिपटी, ज्वारी एक, डाळ एक, तांदूळ मूठभर. धने डाळीइतके. "लाल होऊ देऊ नको. वास आला की काढ." मी विचारलं, वास आला म्हणजे कधी? किती मिनिटांनी? ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं माझा फोन घेऊन ओट्याच्या कडेला पालथा ठेवला. "इथं उभी राहा," म्हणाली.

उभी राहिले. वास आला. आधी कच्चा, पिठूळ, मग एकदम बदलला. मी 'आता' म्हणाले, तिनं त्याच क्षणी गॅस बंद केला. एवढंच. तो १ मे होता, महाराष्ट्र दिन आणि मराठी विकिपीडियाचा विसावा वाढदिवस. आमच्या ग्रुपवर सकाळपासून शुभेच्छांचा पाऊस पडत होता आणि फोन पालथा पडून ओट्यावर थरथरत होता.

गिरणीतून दळून आणलं, स्टीलच्या दोन डब्यांत भरलं. एकाचं झाकण घट्ट, एकाचं सैल, त्याला रबर. सैल झाकणाचा डबा माझा. घट्ट झाकणाच्या डब्याबद्दल ती काही बोलली नाही. त्यात जास्त होतं.

निघताना मामांनी दोनशेची नोट हातात कोंबली. आत्या म्हणाली, "परत असलं फुकटचं काम निघालं की ये."

*

घट्ट झाकणाचा डबा सहा आठवडे पुण्यात माझ्या फ्रिजवर होता. फोनवर बाबांना काही सांगितलं नाही. जूनमध्ये उदगीरला गेले तेव्हा बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून नेला, कोणी बघणार असल्यासारखा.

संध्याकाळी आईला म्हटलं, आज आमटी मी करते. लसूण परतला, येसर कालवून ओतलं, उकळी आली तसा वास नव्या घराच्या हॉलमध्ये पोचला. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, काही न बोलता परत गेले.

जेवताना त्यांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली. दोन घास खाल्ले. मग मिठाचा डबा पुढं ओढला.

"मीठ कमी आहे का?" आईनं विचारलं.

"आक्काचं येसर असंच असतं," बाबा म्हणाले. "तिला वाटतं सगळ्यांनाच बीपी आहे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं. बाबांनी आणखी एकदा आमटी मागून घेतली.

ऑपरेशनचं मी त्यांना त्याच रात्री गच्चीवर सांगितलं. मामांचा व्रण, साल, महिना. आत्या का बोलली नाही, ते नाही सांगितलं. ते तिचं तिनं सांगावं. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग विचारलं, "चिपटं आहे का तिच्याकडं?" मी हो म्हटलं. "मीच दिलं होतं," ते म्हणाले. आत्या म्हणते, तिनं मागून घेतलं. हे मी तिथल्या तिथं गिळलं.

आमच्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत. सकाळी मी पुण्याला निघायची तयारी करत होते तर तो घासून, उन्हात वाळवून ओट्यावर ठेवलेला. आत तुरीची डाळ, नवी, आमच्या इथल्या मिलमधली, काठोकाठ.

"पोचव तिला," बाबा म्हणाले. "कुरिअरनं नको. फुटतं."

स्टीलचा डबा आहे. "बाबा, आता हैदराबादला कॉन्फरन्स नाहीये."

"मग काय झालं?" ते पिशवीचं तोंड सुतळीनं बांधत होते. "इथून बिदरवरून निघालं तर पाच तास लागतात. रविवारी सकाळी निघालं तर त्याच्याही आत."